परत केलेल्या गोळ्या

यासीन, तुझ्या खुर्चीवर कंपनीने अजून कुणाला बसवलेलं नाही. तुझं हेल्मेट खुंटीला तसंच आहे. ते कुणी काढायचं यावर ऑफिसात कुणी बोलत नाही. परवा नवीन सुपरवायझरने, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नाही, विचारलं, "ये किसका है?" आम्ही चौघे होतो, चौघांनीही मोबाइलमध्ये डोकं घातलं. तू असतास तर म्हणाला असतास, बघा, मेल्यावरसुद्धा माझ्या नावाने कामं टाळतायत.

आज तुला जाऊन बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत अर्ध्या फुजैराने मला थांबवून तुझ्याबद्दल चांगलं सांगितलं. मी सगळ्यांपुढे मान हलवतो. मला जे सांगायचं आहे ते त्यांना सांगण्यासारखं नाही, तुलाच सांगण्यासारखं आहे. तुला सांगायला हॉस्पिटलात पंचवीस दिवस मिळाले होते मला, त्यातले पहिले चार दिवस तर तू चांगला शुद्धीवर होतास. तेव्हा तोंड उघडलं नाही. आता सांगतोय, म्हणजे मी किती शहाणा माणूस आहे ते बघ.

एकोणीस वर्षांपूर्वी मी सांगलीहून इथे अमिरातीत, फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर आलो तेव्हा मला समुद्र म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं. तू रत्नागिरीच्या खाडीकाठचा, तुला जमीन कमी आणि पाणी जास्त कळायचं. जहाजात भरायच्या तेलाचा नमुना बाटलीत घ्यायचा, बाटलीला सील लावायचं, सही घ्यायची, हे तुझं काम. कप्तान कितीही घाई करू दे, नमुना घेतल्याशिवाय तू नळी जोडू द्यायचा नाहीस. पहिल्याच आठवड्यात मी स्टोअरमधून चुकीचे वॉशर पाठवले आणि एक जहाज तीन तास खोळंबलं. तू साहेबांना सांगितलंस की पाऊण तास तुझ्या नमुन्यामुळे गेला. गेला नव्हता. मी तुला विचारलं, खोटं का बोललास, तर म्हणालास, "पाऊण तासच घेतला ना अंगावर. बाकीचे सव्वादोन तुझे तू भोग." तेव्हापासून आपण दोस्त.

तू मला मसाफीच्या रस्त्यावर गाडी शिकवलीस आणि माझ्या बायकोला, मेघनाला, दर ईदला रुबिनाभाभींच्या हातचे सांदण पोचवलेस. गणपतीच्या आदल्या दिवशी तू दुबईला रास अल खोरच्या भाजी मार्केटात जायचास, जाऊन-येऊन तीन तास, आणि केळीची पानं, नारळ, फुलं घेऊन यायचास. पत्री मोजून हातात द्यायचास. "पाच मिळाल्या. बाकीचं तुझ्या देवाला ॲडजस्ट करायला सांग." माझे वडील गेले तेव्हा मला तिकीट काढायचंही सुचत नव्हतं. तू पासपोर्ट शोधलास, बॅग भरलीस, विमानतळावर सोडलंस, आणि बॅगेत माझे कपडे कमी आणि तुझे जास्त निघाले. बाराव्याच्या दिवशी मी तुझा निळा शर्ट घालून बसलो होतो. त्याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही, आपल्यात ती पद्धत नव्हती. आता म्हणतो.

हे सगळं तुला माहीत आहे. मी मुद्द्यावर यायला वेळ लावतोय, तेही तुला कळलं असेल.

मुद्दा माझ्या पिशवीचा आहे. इथे फार्मसीवाला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही. डॉक्टरकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस रजा, वर विम्याचा आपला हिस्सा. म्हणून गावाहून परतणारा प्रत्येक जण बॅगेत औषधांची पिशवी घेऊन येतो. चकली आणि मेतकुटाच्या मध्ये कुठेतरी ती कोंबलेली असते. माझी पिशवी सगळ्यात मोठी, कारण माझ्या चुलतभावाचं सांगलीत मेडिकल आहे, तो काही विचारत नाही. इथे आल्यावर मी त्या औषधांचे लिफाफे करायचो. घसा, ताप, पोट, दाढ, लघवी, अशी नावं लिहून. बिल्डिंगमधला माणूस दार वाजवायचा, काय होतंय ते सांगायचा, मी लिफाफा काढायचो. मेघना मला डॉक्टरसाहेब म्हणून चिडवायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. स्टोअरकीपरला आयुष्यात दुसरं कोण डॉक्टर म्हणणार.

तुला गेल्या वर्षभरात तीनदा लघवीला जळजळ झाली. साखरेचा त्रास तुला होताच. तीनदा तू आलास, तीनदा मी लिफाफा काढला. तू दोन दिवस, फार तर अडीच दिवस गोळ्या खायचास, जळजळ थांबायची, आणि तिसऱ्या दिवशी तू कात्रीने नीट कापलेली उरलेली स्ट्रिप मला परत आणून द्यायचास. "ठेव. कुणाच्या तरी उपयोगी येईल." मी ती परत लिफाफ्यात ठेवायचो. बिल्डिंगमध्ये लोक एकमेकांना तुझं उदाहरण द्यायचे, की यासीनभाई बघा, चार गोळ्यासुद्धा वाया घालवत नाहीत. आपण असे लोक, यासीन. पाण्याची बाटली अर्धी टाकून देत नाही, बसचं तिकीट जपून ठेवतो. पूर्ण कोर्स संपवायचा म्हणजे बरं झाल्यावरही औषध खायचं, ही आपल्याला उधळपट्टी वाटायची. तुझी आलिया एकदा म्हणालीसुद्धा होती, "बाबा, यू हॅव टू फिनिश इट." तू तिला म्हणालास, आजार संपला की औषध संपलं, खलास. मी तुझ्या बाजूने हसलो.

त्या तीन वेळांमध्ये तू डॉक्टरकडे गेला असतास तर मूतखडा तेव्हाच सापडला असता. लहान होता म्हणे तेव्हा. पण तुला रजा नको होती, पोर्टवर गर्दी होती, आणि माझ्याकडे लिफाफा होता. मी नसतो तर तू गेला असतास. हे मी कुणापुढेही मान्य करायला तयार आहे, फक्त समोर तू हवा होतास.

खडा मोठा झाल्यावर शेवटी ऑपरेशन झालं. आत एक नळी ठेवली, दोन दिवसांत घरी सोडलं. तू त्या दिवशी फोनवर पाऊण तास बोललास, त्यातली अर्धी शिवीगाळ हॉस्पिटलच्या खिचडीला होती. तिसऱ्या दिवशी दुपारी भाभींचा फोन आला की थंडी वाजतेय, दात वाजतायत. मीच तुला गाडीत घातलं. रस्त्यात तू म्हणालास, हळू चालव, मी काही बाळंतीण नाही.

इमर्जन्सीमध्ये एक तरुण डॉक्टर होती, हिंदी बोलणारी, चांगली होती. नाव-गाव, साखर, ऑपरेशन सगळं विचारलं. रक्त घेतलं, लघवी घेतली. मग पेन वर करून विचारलं, "पिछले तीन-चार महीने में कोई एंटीबायोटिक ली है इन्होंने? ऑपरेशन से पहले, घर पे, अपने आप?"

तू डोळे मिटून पडला होतास. भाभी तुझ्या उशाशी. डॉक्टर माझ्याकडे बघत होती, कारण सगळी उत्तरं मीच देत होतो.

मी म्हणालो, "नहीं."

का म्हणालो, हे मी स्वतःला पन्नास वेळा विचारलं आहे. एका क्षणात डोक्यात बरंच काही येऊन गेलं. चिठ्ठीशिवाय औषधं आणली, वाटली, हे कुठे लिहिलं गेलं तर. विमा कंपनी म्हणाली की बाहेरची औषधं खाल्ली होती, आम्ही पैसे देत नाही, तर. कुणी विचारलं की कुणी दिली, तर. ही सगळी कारणं मला नंतर नीट मांडता आली. त्या वेळी फक्त भीती होती. शाळेत मास्तरांनी विचारल्यावर पोरगं जसं नाही म्हणतं, तसं मी बावन्नाव्या वर्षी म्हणालो.

डॉक्टरने नेहमीचं औषध सुरू केलं. त्यात तिची काही चूक नाही. तिला जेवढं सांगितलं तेवढ्यावर तिने केलं.

तीन दिवस तो ताप तसाच. मी रोज ड्यूटी संपवून यायचो आणि रोज ठरवून यायचो की आज सांगायचं. आणि रोज तू थोडा बरा दिसायचास, म्हणजे मला तसा दिसायचास, आणि मी ठरवायचो की उतरेलच आता. चौथ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. नमुन्यातले जंतू ते लोक वाढवून बघतात आणि त्यांच्यावर एकेक औषध टाकून पाहतात. तुझ्या रिपोर्टवर एकाखाली एक औषधांची नावं होती आणि बहुतेकांपुढे एकच अक्षर, आर. डॉक्टर म्हणाली, म्हणजे रेझिस्टंट, हे औषध या जंतूंना लागत नाही. माझ्या लिफाफ्यातल्या गोळीचं नावही त्यात होतं. मी ते वाचलं आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. मग परत गेलो आणि तिला सांगितलं. तीनदा, वर्षभरात, अर्धवट.

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने ओरडायला हवं होतं. ती नुसती थकलेली दिसली. म्हणाली, "पहले दिन पता होता तो शायद हम स्ट्राँग वाली से शुरू करते."

मी विचारलं, "तो फरक पड़ता?"

"शायद. शुगर है, उमर है. शायद."

यासीन, त्या शायदचं मी काय करू ते मला अजून कळलेलं नाही. ती हो म्हणाली असती तर मी गुन्हेगार ठरलो असतो. नाही म्हणाली असती तर जेवलो असतो. तिने दोन्हीतलं काहीच म्हटलं नाही आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली.

त्याच सकाळी तुला आयसीयूत नेण्याआधी दहा मिनिटं मी तुझ्याजवळ होतो. तू मला विचारलंस, "तुझा चेहरा असा का? आजारी मी आहे का तू?" मी म्हणालो, ट्रॅफिक होता. फुजैरात. सकाळी दहा वाजता. तू त्या अवस्थेत हसलास, खोकला येईपर्यंत हसलास, आणि म्हणालास, "यल्ला, जा कामावर." आपलं शेवटचं बोलणं हे. मी तुझ्याशी ट्रॅफिकबद्दल खोटं बोललो आणि तू मला कामावर पाठवलंस.

पुढचे तीन आठवडे मी तुला काचेतून बघितलं. दारावर पिवळा कागद होता, आत जायचं तर गाऊन, मास्क, हातमोजे. तुझ्या कपाळावर हात ठेवला तर रबर ठेवल्यासारखं वाटायचं, मला आणि बहुतेक तुलाही. भाभी एकदा म्हणाल्या, "एवढं झाकून कोण आलंय ते त्यांना कळत तरी असेल का?" दहाव्या दिवशी नवं औषध लागू पडतंय असं म्हणाले. आम्ही सगळे वेड्यासारखे आनंदलो, मेघनाने शिरा केला. तेराव्या दिवशी छातीत दुसरेच जंतू निघाले. ते तुझ्या घरचे नव्हते, तिथलेच होते, व्हेंटिलेटरच्या नळीतून गेलेले, आणि आधीच्यांपेक्षा मुर्दाड. त्यांच्यापुढे ते महागडं औषधही चालेना. आता राहिलं होतं एक जुनं औषध, जे किडनीला मारतं म्हणून डॉक्टर हात लावत नाहीत. लावलं. किडन्या गेल्या. मग डायलिसिस आलं. एक वाचवायला जावं तर दुसरं जायचं. तिथे ढिलाई कुणाची दिसत नव्हती. नर्सेस शंभर वेळा हात धूत होत्या, डॉक्टर सुट्टीच्या दिवशीही येत होते. सगळे धावत होते आणि काही होत नव्हतं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खाते, की कुणावर चिडावं असा माणूसच तिथे नव्हता. आरशात एक होता.

दुबईला मोठ्या हॉस्पिटलात हलवू, मी म्हटलं होतं. ते तुझ्या विम्याच्या यादीत नव्हतं. तसंही डॉक्टर म्हणाले, तिथे हेच औषध देतील, याच्या पुढचं औषध कुठेच नाही. दुबईच्या मरीना भागातल्या त्या उंच बिल्डिंगींमध्ये सगळं मिळतं असं आपण म्हणायचो. हे मिळत नाही.

पैशाचंही सांगतो, कारण तू विचारशीलच. सोळाव्या दिवशी विम्याची वर्षाची मर्यादा संपली. रोजच्या नुसत्या औषधाचे अकराशे दिरहम. भाभी कॉरिडॉरमध्ये बसून मोठ्याने म्हणायच्या, "अकराशे, म्हणजे पंचवीस हजार," आणि थोड्या वेळाने परत, "पंचवीस हजार." आलिया त्यांना म्हणायची, "मम्मी, प्लीज स्टॉप कन्व्हर्टिंग." कंपनीने थोडे दिले, बिल्डिंगने गोळा केले, बाकी तुझ्या घरातून गेले. तुला आठवतंय, आलियाला शिकायला कॅनडाला पाठवायचं की नाही यावरून आपण भांडलो होतो? तू म्हणालास, पोरीला एवढ्या लांब नाही. मी तिची बाजू घेतली आणि तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. नवव्या दिवशी काही न बोलता बांगडे आणून दिलेस, पण विषय तसाच राहिला. आता त्या भांडणाचा निकाल लागला आहे. तिच्या कॅनडाचे पैसे पंचवीस दिवसांत गेले. तू जिंकलास म्हण. ती इथेच नोकरी शोधते आहे. मी तिला म्हटलं, बेटा, आपण काहीतरी मार्ग काढू. ती म्हणाली, "इट्स ओके, अंकल. आय डोन्ट वॉन्ट टू टॉक अबाउट इट." तुझ्यासारखीच बोलते, फक्त इंग्रजीत.

तू गेलास ती दुपारची वेळ होती. असरच्या नमाजानंतर तुला नेलं. कबरस्तानात मी मागे उभा होतो, मला काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, माती द्या, तुम्हीही द्या. तीन मुठी दिल्या. इतकी तापलेली माती होती की हात भाजला. त्या दिवशी तुला पहिल्यांदा हातमोज्याशिवाय काहीतरी देता आलं.

पिशवी आता घरात नाही. मला ती टाकता आली नाही, नुसता तिच्याकडे बघत बसायचो, शेवटी मेघना ती उचलून फार्मसीवाल्याकडे देऊन आली. त्याने काही विचारलं नाही म्हणे. परवा चौथ्या मजल्यावरचे कुलकर्णी आले. घसा धरलाय, एकदोनच गोळ्या द्या. मी म्हटलं नाहीत, डॉक्टरकडे जा. त्यांनी आत डोकावून बघितलं, मी लपवतोय असं वाटलं त्यांना. जाताना म्हणाले, "यासीनभाईंना बरे द्यायचात." त्यांना काही ठाऊक नाही रे, ते सहज बोलून गेले. मी दार लावलं आणि तिथेच खाली बसलो. मेघना म्हणाली, तुम्ही एकदा भाभींना सांगून टाका. नाहीतर तुम्हीही आजारी पडाल.

म्हणून काल तुझ्या घरी गेलो.

भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस, परपुरुषासमोर येत नाहीत. एकोणीस वर्षं मला समोर बसवून वाढणारी बाई आता आतल्या खोलीत, दार अर्धं लोटलेलं, आणि मी बाहेर सोफ्यावर. आलिया मध्ये खुर्ची टाकून बसली होती. एका अर्थी बरं झालं. त्यांचा चेहरा दिसत असता तर मी पुन्हा ट्रॅफिकवर बोलून उठलो असतो.

मी दाराकडे बघून सगळं सांगितलं. लिफाफे, तीन वेळा, परत केलेल्या गोळ्या. डॉक्टरचा प्रश्न. माझं ते ‘नाही’. चौथा दिवस. शायद. मी म्हटलं, "भाभी, मी त्याच दिवशी हो म्हणालो असतो तर कदाचित..." आलिया जमिनीकडे बघत होती.

मग भाभी म्हणाल्या, "सुहासभाई, मी तिथंच उभी होते ना."

मी सोफ्यावर पुढे सरकलो.

"तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मी बोलणार होते. हो, घेतल्यात गोळ्या, असं म्हणणारच होते. त्यांनी चादरीखालून माझा हात धरला. घट्ट धरला. डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणाले, गप बस. पुढच्या महिन्यात सुहासच्या व्हिसाचं रिन्यूअल आहे. त्याचं नाव कुठं यायला नको. मी होतोय बरा दोन दिवसांत, इन्शाल्ला."

आलियाने मान वर केली. तिलाही हे माहीत नव्हतं.

"चौथ्या दिवशी मला राहवलं नाही," भाभी म्हणाल्या. "मी डॉक्टरकडे गेले सांगायला. ती म्हणाली, आत्ताच ते भाई सांगून गेले. म्हणजे तीन दिवस तुम्ही विम्याला घाबरलात, ते तुमच्यासाठी गप्प राहिले, आणि मी त्यांच्यासाठी." मग त्यांचा आवाज बदलला. "आता मी कुणाला माफ करायचं, तेवढं सांगा."

मी उठलो, आलियाने मला दारापर्यंत सोडलं, आणि मी गाडीत येऊन बसलो, गाडी सुरू न करता.

पाऊण तास अंगावर घ्यायचा असतो, यासीन. सगळं नाही घ्यायचं. तू फणफणत होतास, अंगावर तीन ब्लँकेटं होती, दात वाजत होते. आणि तेव्हा तू डोळे मिटून माझ्या व्हिसाची तारीख आठवत होतास.